वाडीच्या घाटावर तू विचारलंस

कस्तुरीअक्का,

तुझ्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. "विचार करून सांगते," एवढंच म्हटलं. तू वाटीच्या तळाची बासुंदी बोटानं पुसून खाल्लीस, पदराला हात पुसलास आणि म्हणालीस, "कर की विचार. पर लई दिवस लावू नको. आपण दोघी काय कोवळ्या न्हाय." आणि मग तूच थांबली नाहीस.

प्रश्न तसा साधा होता. तुझे मालक गेले, माझेही गेले. तू हुपरीत एकटी, मी कोल्हापुरात एकटी. माझी मुलगी तुझी सून, तुझा मुलगा माझा जावई, आणि ती दोघं आपली दोन्ही नातवंडं घेऊन समुद्रापार. तेव्हा मी माझं घर बंद करून तुझ्याकडं राहायला यावं, असं तुझं म्हणणं. मुलीच्या आईनं मुलीच्या सासूकडं कायमचं राहायला जायचं! असं आपल्या दोघींच्या नात्यागोत्यात कुणी केलेलं मला तरी माहीत नाही.

काल आपल्या नातीचा, अन्वीचा फोन आला होता. रडून झालं होतं तिचं. म्हणाली, "आजी, तू आणि अव्वा गाडीतून फिरायला गेला होता ना, ते सगळं लिहून पाठव. मी स्वतः वाचीन. फक्त जोडाक्षरं कमी घाल." तुमच्या घरात अर्धं कानडी, म्हणून मुलांची तू अव्वा आणि मी आजी. तेव्हा लिहिते आहे तुला, वाचणार आहेत ती. जोडाक्षरांचं मात्र मी काही करू शकत नाही. मराठीतला निम्मा जीव तिथंच आहे.

वाडीला निघालो त्या दिवशी सकाळी धुकं होतं. मी आवरून, पिशवी भरून, फाटकापाशी उभी होते. तुझी पांढरी गाडी दिसायच्या आधी तिचा हॉर्न ऐकू आला. तुझ्या रस्त्यानं वाडीला जायचं तर हुपरीवरूनच पुढं जायचं, म्हणजे तू आधी उलटी कोल्हापूरला आलीस, मला घेतलंस आणि आल्या वाटेनं परत फिरलीस. मी फोनवर सांगितलं होतं, मी एसटीनं हुपरीला येते. तू ओरडलीस, "विहीण एसटीनं येती व्हय? लोकं शेण घालतील माझ्या तोंडात!"

खरं तर मान मुलाच्या आईचा. तिला न्यायला मुलीकडच्यांनी जायचं, तिला पुढची जागा द्यायची, तिचं पान आधी वाढायचं. आपल्यात हे पहिल्यापासून उलटंच होत आलं.

माझी पिशवी बघून तू विचारलंस, "म्याडम, वाडीला चाललोय का लंडनला?" कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या बाईला तू शेवटपर्यंत म्याडमच म्हणालीस. पिशवीत फार काही नव्हतं. पाणी, गोळ्यांची डबी, छत्री, हात पुसायचे कागद, लिंबाच्या गोळ्या, जादा चष्मा. तू मात्र एक हातरुमाल आणि गाडीची किल्ली घेऊन निघाली होतीस. वाटेत माझ्या पिशवीतलं सगळं तूच वापरलंस. चष्मासुद्धा.

मालक होते तोवर तू गाडीत मागं बसायचीस. ते गेले आणि तू गाडी शिकलीस. तुमचा घरचा चांदीचा कारखाना; शिकवणाऱ्यानं घाबरू नका म्हटल्यावर तू त्याला म्हणालीस म्हणे, "जलमभर पैंजणाच्या कडीत घुंगरं ओवतोय मी. तुझी गाडी तर केवढी मोठी हाय!" कोल्हापूरकडच्या बायकांसारखं तू येतो, जातो, करतो असंच बोलायचीस. सुरुवातीला माझे कान टवकारले जायचे. नंतर मला तुझ्या तोंडी दुसरं काही शोभेना.

हॉर्नवरून आपलं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. तू कोंबडीला हॉर्न वाजवायचीस, उभ्या बैलाला वाजवायचीस, रिकाम्या वळणालाही वाजवायचीस. "समोर कुणी नाही, कस्तुरीअक्का." "म्हणून तर वाजवतो. कुणी असतं तर त्यानं बघितलं नसतं व्हय?" या वाक्यात चूक कुठं आहे, हे मी अजून शोधते आहे.

मी फोनवर नकाशा लावला. आतली बाई इंग्रजीत म्हणाली, उजवीकडे वळा. तू भडकलीस. "गप बस म्हणावं तिला. तिकडं माझ्या मामाचं शेत हाय, रस्ता न्हाय." तू सरळ गेलीस. क्षणभर गप्प राहून फोनमधल्या बाईनं तुझा रस्ता मान्य केला. तू खूश झालीस. "बघ, ऐकती की. माझ्या सुनेपेक्षा बरी हाय." तुझी सून म्हणजे माझी मुलगी. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसले.

बाहेर बघण्यासारखं होतंही. उसाचे दिवस. धुक्यातून गुऱ्हाळाचा धूर वर चढत होता आणि कुठं धुकं संपतं, कुठं धूर सुरू होतो ते कळत नव्हतं. सगळ्या हवेलाच गुळाचा वास. मधूनच वाढदिवसाचे मोठे फलक उगवायचे. काळे चष्मे लावलेली ओळीनं तोंडं, मधोमध ज्याचा वाढदिवस तो, डोक्यावर मुकुट. तू गाडी हळू करून एकेक तोंड निरखायचीस. "ह्यातला एक तरी सकाळी उठून आईला च्या करून देत असंल व्हय?" मी म्हटलं, फोटोवरून कळत नाही. तू म्हणालीस, "कळतंय. ह्यो शेवटचा देत असंल. चष्मा उसना हाय त्याचा."

पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आडवा आला. त्याच्यावर गाणी एवढ्या मोठ्यानं, की तुझा हॉर्न आयुष्यात पहिल्यांदा हरला. तू काच खाली करून शेजारी गाडी नेलीस. मी डोळे मिटले. "आरं ये दादा! बाजूला घे की! दोन म्हाताऱ्या बासुंदी खायला निघाल्यात!" ट्रॅक्टरवाल्यानं गाणं बारीक केलं. "मावशी, बासुंदी काय पळून जाती व्हय?" "बासुंदी न्हाय रं, आम्हीच चाललोय!" तो हसला, त्यानं ट्रॅक्टर कडेला घेतला, आणि तू हात हलवून त्याला आशीर्वाद दिलास. तेव्हा मीही हसले. 

वाटेत जो भेटेल तो विचारायचा, पावणं कुठलं, आणि ह्या कोण? हे आपल्याकडचं चालणारच. तू प्रत्येक ठिकाणी वेगळं सांगितलंस. पेट्रोलपंपावर मी तुझी थोरली बहीण झाले. चाकात हवा भरताना जाऊ झाले. इचलकरंजीत यंत्रमागांचा खडखडाट मागं टाकून आपण एका टपरीवर थांबलो. चहावाल्या बाईनं विचारलं आणि तू शांतपणे म्हणालीस, "ही माझी सवत."

बाईचा हात थांबला. चहा बशीत सांडला.

"काय बगतीस? त्याच दोन नातवंडांवर दोघींचा जीव. मग सवतच की!"

बाई हसून हसून बाकावर बसली. चहाचे पैसे घेईना. मी गाडीत बसल्यावर तुला विचारलं, सरळ विहीण म्हणून का सांगत नाहीस? चांगला शब्द आहे. तू गाडी सुरू केलीस, आरशात बघितलंस आणि समोर पाहतच म्हणालीस, "विहीण म्हटलं की लोकं विचारत्यात, कुठल्या घरातली. मग तुझं आडनाव सांगाय लागतं. मग त्यांची तोंडं बघाय लागत्यात. सक्काळ सक्काळ कशाला?"

 पुढच्या वळणांवर तू हॉर्न वाजवला नाहीस.

अन्वी आणि रोहन, तुम्हाला हे कुणी फारसं सांगितलेलं नाही. आम्ही बौद्ध, अव्वाकडचे लिंगायत. तुमच्या आईबाबांचं लग्न ठरलं तेव्हा हुपरीहून निरोप आला, आमच्याकडचं कुणी येणार नाही. हॉलमधल्या एका बाजूच्या खुर्च्या आम्ही तरीही मांडल्या होत्या. त्या रिकाम्या होत्या. वंदना सुरू व्हायच्या आधी अव्वा आली. एकटी. एसटीनं. काठाचं लुगडं नेसून. तिला आणायला गाडी पाठवायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं, कारण ती येईल असंच कुणाला वाटलं नव्हतं. ती त्या रिकाम्या खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत अगदी मधोमध बसली. पंगतीत तिनं जिलेबी मागून घेतली, पुन्हा मागून घेतली. "आणा की हिकडं!" सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं.

मालकांना सांगून आली होतीस की न सांगता, अक्का, हे मी तुला कधी विचारलं नाही. तू कधी सांगितलं नाहीस. विचारायला हवं होतं असं आता वाटतं, आणि बरं झालं विचारलं नाही असंही.

कुरुंदवाडच्या अलीकडं माझा डोळा लागला. गाडीतली झोप मोठी गमतीची असते. आपण जागे आहोत असं वाटतं आणि स्वप्नही पडत असतं. काचेवर ऊन सरकत होतं, उसाचे तुरे काचेच्या आत शिरल्यासारखे वाटत होते, तू काहीतरी कानडी गाणं गुणगुणत होतीस. मला वाटलं, आपण दोघी शाळेत आहोत आणि ही सहलीची गाडी आहे, आणि आपल्याला अजून कुणाच्या आया व्हायचं नाही, कुणाच्या विहिणी तर नाहीच. जाग आली तेव्हा आपण पुलावर होतो. खाली नदी पसरलेली, पांढरी, हलत नसल्यासारखी. तू म्हणालीस, "घोरत होतीस म्याडम. इंग्रजीत."

देवळात दर्शनाला मोठी रांग होती. तू गळ्यातल्या लिंगाला हात लावलास. "आमचा देव आमच्याबरोबरच असतोय. मला रांग न्हाय." मी म्हटलं, मलाही नाही. दोघींनी लांबूनच देवळाला हात जोडले आणि बासुंदीच्या दुकानाकडं वळलो. वाट्या हातात घेऊनच आपण घाटाच्या पायऱ्यांवर येऊन बसलो. पाण्यावरचा उजेड झाडांच्या पानांवर खालून पडत होता, त्यामुळं पानं आतून हलल्यासारखी दिसत होती. एक होडी मधोमध थांबली होती. होडीतला माणूस काहीच करत नव्हता. मला त्याचा फार हेवा वाटला.

तिथं तू विचारलंस. "ये की माझ्याकडं ऱ्हायला."

मी घाबरले की पद्धतशीर बोलायला लागते. तशी लागले. म्हटलं, माझ्या फ्रीजमध्ये अंडी असतात. मासे मी सोडणार नाही.

"वरच्या खोलीत दुसरा गॅस हाय. तिथं कर. वास आला तर मी खिडकी लावतो."

"रविवारी मी विहारात जाते."

"जा की. मी सोडतो गाडीनं, तवर मी मंडई करतो."

"माझी पुस्तकं?"

"मालकांचं कारखान्याचं कपाट रिकामं हाय. चांदी न्हाय आता त्यात, पुस्तकं ठेव."

मग मी खरं ते विचारलं. "आणि तुझी गल्ली? तुझी समोरची जाऊ?"

तू पाण्याकडं बघत म्हणालीस, "घर माझ्या नावावर हाय. गल्ली न्हाय."

अक्का, तुला वाटलं असेल मी गल्लीला भ्याले. तसं नव्हतं. कोल्हापूरचं घर मी माझ्या पगारातून बांधलं. त्याच्या दाराला मी स्वतः रंग निवडला. कुणाच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून आत बोलावण्याची वाट बघायची नाही, एवढ्यासाठी मी शिकले, एवढ्यासाठी ते घर बांधलं. ते दार बंद करून दुसऱ्याच्या दारात जायचं, मग ते दार तुझं का असेना, मला जड होतं. हे मी तुला सांगितलं नाही. तू मात्र मी गप्प आहे असं बघून तुझी अट सांगितलीस.

"एक काम तुझं. पाणी तू भरायचंस. नळ दिवसाआड येतोय, पहाटं. माझ्या गुडघ्यानं उठवत न्हाय. तू तर अंधारात उठून बसतीस आणि सगळ्यास्नी गुड मॉर्निंग पाठवतीस. तेवढ्या वेळात पिंप भरंल."

मुलांनो, इथं जरा थांबा. माझी आजी गावच्या विहिरीवर घागर लावू शकत नव्हती. ती काठापासून लांब बसायची. येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला दया आली तर तिनं वरून ओतायचं, आजीनं घागर खाली धरायची. कधी कधी ती ऊन चढेपर्यंत बसायची. घरातलं पाणी कोण भरतं, याला आपल्या देशात केवढा अर्थ आहे ते तुम्ही मोठे झाल्यावर वाचाल. अव्वानं मला तिच्या स्वयंपाकघरातलं पाणी भरायला सांगितलं. हक्कानं, तक्रारीच्या सुरात, घरातल्या माणसाला सांगतात तसं.

तू ते समजून म्हणालीस, की तुझा गुडघा खरंच दुखत होता? आता कळायला मार्ग नाही. मला दोन्ही खरं वाटतं. मी वाटीकडं बघत राहिले, कारण तुझ्याकडं बघितलं असतं तर रडले असते, आणि घाटावर चारचौघांत रडणं मला जमत नाही. म्हणून म्हटलं, विचार करून सांगते.

परतीच्या वाटेवर पुन्हा भांडलो, बरं वाटलं. माझ्या पाठीमागं लपवून तू मुलांसाठी कवठाच्या बर्फीचे पुडे घेतले होतेस, मी तुझ्या पाठीमागं. गाडीत पिशवी कलंडली आणि दोघींची चोरी उघडी पडली. "माझा पुडा आधी पोचंल." "तू पत्ता नीट लिहीत नाहीस, माझाच पोचेल." दोन्ही एकाच दिवशी पोचले, आणि रोहननं सांगितलं की दोन्हींची चव सारखीच आहे. मुलं कधी कधी फार निराशा करतात.

फाटकापाशी मला सोडताना तू काच खाली केलीस. "येतो गं," म्हणालीस. मी म्हटलं, हळू जा. तू हॉर्न वाजवून निघालीस. गल्लीतली सगळी कुत्री उठली.

मी विचार केला, अक्का. माझ्या पद्धतीनं केला. पेन्शनची बँक, औषधाचं दुकान, खालच्या मजल्याला भाडेकरू ठेवायचा की नाही. उत्तर आठवड्यातच तयार होतं. पण फोनवर सांगायचं नव्हतं. मला तुझं तोंड बघायचं होतं. एक दिवस एसटीनं अचानक यायचं, दारात उभं राहून सांगायचं, आणि विहीण एसटीनं आली म्हणून तुझ्या शिव्या खायच्या, असं मी मनाशी रंगवत होते. त्यात एकेक दिवस गेला. मग एका सकाळी तुझ्या मुलाचा फोन आला. तू झोपेतच गेली होतीस. हुपरीहून ती बातमी आधी समुद्रापार गेली आणि तिथून मला कोल्हापुरात आली. आपल्या दोघींच्या मधे एवढाच रस्ता, आणि बातमी जगाला वळसा घालून आली.

मुलगा आणि सून आले. तुला माती दिली. माणसं आली, बसली, गेली. सुट्टी संपल्यावर ती दोघंही गेली. घर आवरून कुलूप लावायला म्हणून मी मागं राहिले. एकाच साडीवर आलेली मी, आता तुझी लुगडी नेसते आहे. जरा आखूड होतात. मालकांचं कपाट उघडून बघितलं. ते तू आधीच पुसून ठेवलं होतंस, आत स्वच्छ कागद घातला होतास. माझं उत्तर काय असेल ते तू मला विचारायच्या आधीच ठरवून टाकलं होतंस, होय ना?

आज पहाटे नळाचा आवाज झाला. आधी नुसती हवा सुटते, मग पाणी. मी जागीच होते. उठले, पिंप विसळलं, फडकं बांधलं, हंडा लावला. पहिला हंडा उचलला.  समोरच्या दारात तुझी जाऊ आपली घागर भरत उभी होती. लग्नाला न आलेल्यांतलीच ती एक. तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मीही हंडा कडेवर घेऊन उभी राहिले. म्हटलं, काय बोलायचं ते बोलू दे, ऐकून घेऊ.

ती रस्ता ओलांडून आली. "फडकं दुहेरी करा," म्हणाली. "पाणी गढूळ हाय आज. आणि मोटर लावू नका, मागच्यास्नी पाणी जात न्हाय. कस्तुरी कधी ऐकायची न्हाय, रोज भांडाण."

मी फडकं दुहेरी केलं.

ती जायला वळली, आणि मग थांबली. "तुमी हितंच ऱ्हाणार व्हय आता?"

मी विचार करायला वेळ मागितला नाही.

"व्हय," म्हटलं. आत ऐकणारं कुणी नव्हतं. तरी जरा मोठ्यानंच म्हटलं.